बोंडूची जाड चोच

दूर समुद्रात एक एवढंसं बेट होतं. त्या बेटावर तांबी नावाची चिमणी राहायची. तिला पहिलंच पिल्लू झालं होतं. त्याचं नाव बोंडू. तांबीचा सगळा जीव त्याच्यात. वारा सुटला की ती त्याला पंखाखाली घ्यायची. ऊन तापलं की सावली धरायची. आणि तो गाढ झोपला की श्वास चालतोय ना, हे बघायला त्याला हलवून उठवायची!

त्या बेटावरच्या सगळ्याच चिमण्यांच्या चोची जाड आणि आखूड होत्या. बोंडूचीही तशीच. तांबीला ती फार गोड वाटायची.

एकदा समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरची एक चिमणी वादळात सापडून बेटावर येऊन पडली. तिचं नाव रेशमी. चोच कशी बारीक, टोकदार. तिचा पंख दुखावला होता, म्हणून ती तिथेच राहिली. तांबीने तिला पाणी दाखवलं, बसायला सावलीची फांदी दिली. मग मोठ्या हौसेने बाळ दाखवलं.

"अगं बाई! ही चोच की खलबत्त्यातला बत्ता?" रेशमी म्हणाली. "आमच्याकडे लहानपणीच ओढूनचोळून नीट करतात. तू काहीच केलं नाहीस वाटतं?"

तांबीच्या मनाला ते फार लागलं. आपण काहीच केलं नाही! दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी बोंडूची चोच ओढायची, चोळायची आणि मग खडकावर घासायची.

"आई, दुखतं गं!"

"थोडंसंच, माझ्या सोन्या. मग बघ कसा राजबिंडा दिसशील."

शेजारच्या भुरी आत्याने ते पाहिलं. बेटावर सगळ्यांत म्हातारी तीच. "तांबे, लेकराची चोच का गं झिजवतेस?"

"आत्या, आपल्याच चोची अशा का हो बिघडल्या?"

"बिघडल्या कुठे? आपले पूर्वजही त्या किनाऱ्यावरचेच. वादळात एक थवा इथे येऊन पडला. बहुतेकांच्या चोची बारीक, दोघाचौघांच्या जराशा जाड. इथे मऊ दाणे थोडे, टणक काटेरी सराटेच फार. बारीक चोचीवाल्यांना सराटा फुटेना, ते बिचारे उपाशी मेले. जाड चोचीचे जगले, त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी झाली. त्या पिल्लांतही ज्यांची चोच जास्त जाड, ती जास्त तगली. अशा कितीतरी पिढ्या गेल्या. मध्ये एवढा समुद्र, बाहेरचं कुणी येऊन मिसळलं नाही. म्हणून आपण असे झालो."

तांबीने मान डोलावली. पण मनात तो बत्ता खुपत होता. घासणं काही थांबलं नाही.

मग कडक उन्हाळा आला. गवत करपलं. मऊ दाणे संपले. वाळूवर उरले नुसते सराटे, काटेरी आणि दगडासारखे टणक. बाकीची पिल्लं कट् कट् सराटे फोडून आतला गर खायची. बोंडूही गेला. पण त्याची चोच झिजली होती. सराटा निसटायचा, काटा मात्र लागायचा. सराट्यांनी त्याची चोच बिघडेल म्हणून तांबी दुसरं काही मिळतं का ते शोधत भटकायची आणि रिकामी परत यायची.

एका दुपारी बोंडू झोपला. तांबीने नेहमीसारखं हलवलं. तो उठला नाही. पुन्हा हलवलं. कितीतरी वेळाने त्याने एक डोळा किलकिला केला.

"लेकरा, तुझी भाकरीच मी खडकावर घासली रे!" तांबी रडत म्हणाली आणि धावत सुटली. त्या दिवसापासून घासणं बंद करून ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत सराटे फोडायची आणि गर बोंडूला भरवायची. तिची चोच ठणकायची, पण ती थांबली नाही. रेशमीही उपाशी, कोपऱ्यात मान घालून बसलेली. तांबीने तिच्याही पुढे गर ठेवला.

चोच नखासारखी असते. झिजली तरी वाढते. काही दिवसांनी बोंडूने एक सराटा उचलला, पायाखाली धरला, दाबला. कट्!

पहिला गर त्याने स्वतः खाल्ला नाही. तो रेशमीकडे उड्या मारत गेला.

"मावशी, हा घे. बत्त्याने फोडलाय!"

"तांबे," रेशमी हळूच म्हणाली, "माझी चोच माझ्या गवताला बरी. तुम्ही भरवलं नसतं, तर इथे मी चार दिवससुद्धा जगले नसते. याची चोच पुन्हा घासू नकोस हो."

"नाही गं बाई," तांबी म्हणाली. "आता रोज तिची नुसती दृष्ट काढते."

तात्पर्य: दुसऱ्याचं बघून आपल्या लेकरात खोट काढू नये. ज्याला आपण व्यंग समजतो, त्याच्याच बळावर ते लेकरू जगणार असतं.