शेळीने शिकवलेला कुत्रा

फार जुनी गोष्ट. कुत्र्याचं नाव ढोल्या होतं की भोल्या, मला खात्री नाही. वासराएवढा, पण कमालीचा निवांत.

जत्रेतल्या कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीत बोकड बक्षीस होता. मालकाने पाहुण्यांना आधीच मटणाला बोलावलं. ढोल्या हरला तर घरची शेळी कापायची होती, म्हणून शेळीनेच त्याला शिकवलं. तिला येत होतं तेवढंच: वर चढायचं आणि उभं राहायचं.

शर्यतीत ढोल्या प्रत्येक फळीवर चढून उभा राहिला. फळ्या मोडल्या.

“आता माझं कालवण,” घरी गोठ्यातून शेळी म्हणाली.

“पलीकडे उतरायचं असतं, हे तू सांगितलंच नाहीस, ताई,” म्हणत ढोल्या गोठ्याच्या दारात आडवा झाला. चौघांनी ओढलं. तो शेपूट हलवत राहिला.

बऱ्याच वर्षांनी मी त्या गावी जाऊन चौकशी केली. शेळी म्हातारपणाने मेली होती.