गुळाचे ठसे

"साडेपाच वर्षांच्या मुलीला वाचायला देण्याजोगी एकही पोथी माझ्या राज्यात नाही?" केतकगडचे राजे भैरवराव गरजले.

"पुष्कळ आहेत, सरकार," थोरले शास्त्री म्हणाले. "पण एकीत भूत आहे. लहान जीव घाबरेल."

"दुसरीत चोरी आहे," दुसरे शास्त्री म्हणाले.

"तिसरीत राजा मूर्ख आहे," तिसरे हळूच म्हणाले.

चौथ्या शास्त्र्यांनी एक अगदी निर्दोष पोथी पुढं केली. राजकन्या इंदुमतीनं तिची दोन पानं वाचली, मग ती पाटासारखी मांडली आणि तिच्यावर बसून मुदपाकखान्यातली सामानाची यादी वाचू लागली. सोप्या पोथ्या तिनं कधीच संपवल्या होत्या.

राजे चिडले. "चार दिवसांत पोथी हजर करा. ती हिच्या बुद्धीला पुरली पाहिजे. हिनं ती खाली ठेवता कामा नये. आणि एकाही शास्त्र्याची हरकत नको. नाहीतर ग्रंथालयाला कुलूप लावतो. ही बारा वर्षांची झाली की उघडू."

इंदुमतीचे डोळे भरून आले. ती धावत येसूकडे गेली. येसू ग्रंथालय झाडायची आणि दरसाल पावसाळा सरला की पोथ्यांना ऊन दाखवायची.

चौथ्या दिवशी शास्त्री रिकाम्या हातांनी आले. तेव्हा येसू पुढं झाली.

"सरकार, पोथी मी काढून देते. अंगणात पोथ्या उन्हात घातल्यात, तिथवर चला."

"तुला अक्षरओळख तरी आहे का गं?" थोरले शास्त्री हसले.

"नाही, शास्त्रीबुवा. पण मुंग्यांना तरी कुठं आहे?"

अंगणात शेकडो पोथ्या पसरल्या होत्या. मुंग्यांची एकच रांग सगळ्या पोथ्या ओलांडून एका फाटक्या पोथीकडे चालली होती.

"दरसाल त्या हिलाच धरतात," येसू म्हणाली. "हिची पानंही चिकटतात. सोडवताना माझी नखं मोडतात."

"शिव शिव! हिच्यात तर भूत, चोर आणि मूर्ख राजा, तिघंही आहेत," थोरले शास्त्री ओरडले. "ही वाचून मूल कायमचं बिघडेल."

येसूनं पोथी उघडून राजांसमोर धरली. पानांवर गुळाच्या इवल्या बोटांचे ठसे होते. चित्रातल्या राक्षसिणीला कोणीतरी शाईनं झुपकेदार मिशा काढल्या होत्या आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भैरव, वय वर्षे सहा.'

राजांनी घसा खाकरला. "ही... ही मुलांना योग्य आहे का?"

"मी अडाणी काय सांगणार, सरकार? मिशांखालचं नाव तेवढं राजकन्येनं मला वाचून दाखवलं. ही वाचून बिघडलेलं मूल समोर उभं आहे. शास्त्रीबुवांनीच निरखून सांगावं."

शास्त्र्यांनी राजांकडे पाहिलं. राजांनी शास्त्र्यांकडे पाहिलं.

"तसं पाहिलं तर," थोरले शास्त्री घाम पुसत म्हणाले, "यातलं भूत फार सात्त्विक आहे."

"आणि चोर वेळेचा पक्का आहे," दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी मूर्ख राजाबद्दल काहीच न बोलणं पसंत केलं.

"म्हणजे हरकत कोणाचीच नाही," येसू म्हणाली. "बुद्धीला पुरेल का आणि खाली ठेवेल का, ते तिकडं बघा."

इंदुमतीनं केव्हाच पोथी ओढून घेतली होती. कपाळाला आठ्या घालून ती एकेक अवघड शब्द फोडत होती. राजांनी दोनदा हाक मारली, तिनं मान वर केली नाही.

राजे पोट धरून हसले. ग्रंथालयाची किल्ली त्यांनी येसूच्या हाती दिली आणि मुलीशेजारी मांडी ठोकली.

"जरा मोठ्यानं वाच, बाळ. राक्षसिणीचं पुढं काय झालं? माझ्या गुरुजींनी इथंच पोथी हिसकावली होती."

जाता जाता कारभाऱ्यांना हुकूम सुटला, ग्रंथालयाला दरसाल गुळाची एक ढेप मंजूर.