यंदाचा डोंगर

एका चित्रकाराने एकदा आपल्या गावासमोरचा डोंगर चितारायला घेतला आणि त्यातच त्याचे सारे आयुष्य गेले. डोंगर काही फार देखणा नव्हता. माथ्यावर देवीचे देऊळ, कडेने वर जाणारी पायवाट, पायथ्याशी जोंधळ्याची शेते, एवढेच. तरी हा गृहस्थ दर वर्षी पावसाळा सरला की ओट्यावर बसून तोच डोंगर पुन्हा काढी. गावकरी थट्टा करीत. त्याची पत्नी हयात होती तेव्हा म्हणे, “एकदा तरी मला काढा. त्या डोंगराहून जरा बरी दिसते मी!” पण चित्रे अशी उतरत, की दिवाळी झाली की शहरातला एक व्यापारी मुद्दाम येई आणि त्या वर्षीचा डोंगर घेऊन जाई.

पुढे चित्रकार म्हातारा झाला आणि त्याची नजर मंदावली. अगदी डोळ्यांपाशी धरलेले तेवढे दिसे; लांबचे सारे धूसर. वैद्य झाले, डॉक्टर झाले, सगळ्यांनी हात टेकले. त्याच्याजवळ एक शिष्य राहत होता. गुरूंवर त्याचा फार जीव. यंदा गुरुजी चित्राला बसतात की नाही, याची त्याला काळजी होती. ते बसले तेव्हा त्याला हायसे वाटले. चित्र पुरे झाले तेव्हा त्याने जवळ जाऊन पाहिले. चित्रात देऊळ नव्हते, पायवाट नव्हती. तांबूस-करड्या रंगाची एक रास होती आणि ती कुठे संपते, आभाळ कुठे सुरू होते, तेच कळत नव्हते. व्यापारी येण्याची वेळ झाली होती. लोक हसतील, गुरूंनी जन्मभर मिळवलेले नाव या एका चित्राने जाईल, या विचाराने शिष्य कासावीस झाला.

दुपारी गुरूंचा डोळा लागला, तेव्हा जुनी चित्रे समोर ठेवून त्याने त्या ओल्या चित्रावर हात चालवला. कळस आला, पायवाट आली, शेतांचे बांध आले. काम इतके बेमालूम झाले, की खुद्द गुरूंचाच हात आहे असे कुणीही म्हटले असते.

गुरू उठले. चित्र उचलून त्यांनी अगदी नाकाशी धरले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिले. टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि सगळे चित्र पुसून टाकले. शिष्याने काढलेले आणि स्वतः काढलेलेही. मग रंगांचे सामान घेऊन पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

शिष्याला रडू आले. “चुकलो असेन, गुरुजी. पण तुमचं नाव राहावं म्हणून केलं मी. एवढं वाईट होतं का माझं काम?”

“वाईट? कळस तर माझ्यापेक्षा सरळ काढलास,” गुरू हसले. मग त्याला जवळ बसवून घेत म्हणाले, “पण बाळा, तो डोंगर माझ्या चाळिशीतला. तो मी तेव्हाच काढला, आता पुन्हा काढून काय करू? लोकांना वाटतं, मी जन्मभर एकच चित्र काढतोय. अरे, मी दर वर्षी एवढंच सांगत आलो, की यंदा मला तो असा दिसला. तरणा होतो तेव्हा चढून जावंसं वाटायचं. ही गेली त्या वर्षी नुसता दगड दिसला, तोही तसाच काढला. आता तो आभाळात मिसळत चाललाय. खोटं कशाला बोलू, भीती वाटते मला. आणि कधी कधी फार सुंदरही दिसतो तो असा. पुढच्या वर्षी दिसेल, न दिसेल. तू मायेनं केलंस, कळतं मला. पण त्या मायेत माझा यंदाचा डोंगर गेला ना रे.”

शिष्याने डोळे पुसले आणि गुरू मागतील तो रंग कालवून देऊ लागला.

काही दिवसांनी व्यापारी आला. वाकून त्याने चित्र जवळून पाहिले. मग म्हणाला, “देऊळ कुठंय?”

गुरूंनी तोंड उघडण्याआधीच शिष्य म्हणाला, “यंदा गुरुजींना ते दिसलं नाही.” त्याच्या स्वरात ओशाळेपणा नव्हता.

व्यापारी खाली बसला. तोही आता पिकला होता. हलक्या आवाजात म्हणाला, “अंगणात खेळणारी नातवंडं मला अशीच दिसतात हल्ली. घरात कुणाला बोललो नाही अजून.”

चित्रकाराने चाचपत त्याचा हात शोधला आणि धरून ठेवला. शिष्य पाणी आणायला आत गेला आणि मुद्दाम उशिरा परतला.

घरातले वडीलधारे बोलता बोलता अडखळले, की त्यांचे वाक्य आपणच घाईने पुरे करून टाकतो. जरा थांबावे, त्यांना कदाचित वेगळेच काही सांगायचे असते.