केसरीने झटकलेले पराग

माणसाला गूळ करता येत नव्हता तेव्हाची गोष्ट. जांभळाच्या ढोलीतल्या पोळ्यात केसरी नावाची मधमाशी राहायची. "माझ्याइतकी शहाणी मीच," ती पुढे स्वतःलाच हसत सांगायची. "पायाला लागलेले पराग मळ समजून दारातच झटकायचे आणि नुसता मध आत न्यायचे."

पोळं मधाने भरलं, पण बाळं सुकत चालली. त्यांना भरवणारी आत्या म्हणाली, "मधाने पोट भरतं गं, अंग नाही भरत. पंख फुटायला पराग लागतात."

केसरी तडक उडाली. वाऱ्याने तिला तिळाच्या फुलावरून दोनदा खाली पाडलं, तरी पायांवर परागांचे गोळे बांधूनच ती परतली.

आत्याने पराग मधात कालवून बाळांना भरवले.

"आत्या, आता मी मेले तरी चालेल!" केसरी धापा टाकत म्हणाली.

"नको," आत्या मान वर न करता म्हणाली. "त्यांना उद्याही भूक लागणार आहे."