आवडीचा उष्टा आंबा

फार मागची गोष्ट सांगतो, नीट ऐका. आमच्या या डोंगरपट्टीत तेव्हा सगळे आंबटढाण रायवळ आंबे. गोड आंबा एकच, देवळासमोरचा. त्याचं पहिलं फळ देवाला जायचं. एका वर्षी तो वरून वाळत चालला आणि गाव हवालदिल झालं. झाड मेलं की ते वाणही मेलं.

गावात आवडी नावाची बाई कलमं बांधायची. दुसऱ्यांची कलमं मरत, हिचं एकही मरत नसे. ती आधी फांदीचा ताजा काप जिभेला लावी, मग रोपाचा. चीक फार तुरट असला की काप बघता बघता काळा पडतो, आणि काळा पडलेला काप सांधत नाही. म्हणून दोघांची चव जुळेल असं रोप मिळेस्तोवर ती रान पालथं घाली. चिकाने तिचे ओठ कायम सोललेले असत. तिने तिन्हीसांजेला बांधलेलं कलम सकाळी पालवायचं, असं म्हणतात.

गावाने तिलाच बोलावलं. पण देवळाचा मानकरी बाबल आडवा आला.

"जीभ लावू नको गो आवडे. देवाक उष्टां चलना नाय."

"मगे चीक जुळता काय नाय, ता माका कळतला कसा?"

"देव बघतलो."

देव काय बघतोय, कपाळ! बिचारीने न चाखता, हाताला येतील त्या रोपांवर कलमं बांधली. सगळी काळी पडली. मग गाव म्हणालं, बाईने मुद्दाम केलं. तिला शिवेबाहेर काढलं. जाताना तिने त्या झाडाची शेवटची हिरवी काडी पदराखाली नेली, हे कुणाला कळलं नाही. तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. ती तिथेच, शिवेपलीकडे मेली.

पुढे देवळासमोरचं झाडही गेलं. मग कुणी लाकडांना शिवेपलीकडे गेलं, तर तिथे एका रानटी खुंटावर बांधलेल्या कलमाला तोच गोड आंबा लगडलेला. तिच्या चुलीतली राख निवायच्या आत तो फळाला आला, असं म्हणतात.

आज गावातली सगळी कलमं त्याच झाडाची. देवाला तोच आंबा जातो, आणि बाबलच्याच घराण्याच्या हातून जातो. तेव्हा उष्टं कुणाला आठवत नाही. आवडीचा मानही काढतात हो, नाही असं नाही. दर मोसमात गावाने एक आंबा चोखायचा आणि कोय शिवेपलीकडे भिरकावायची. तिला उष्टंच चालतं, असं म्हणतात.