मंगळाला हुकूम

मंगळावर गाडी कशी उतरवायची, यावर बैठक चालू होती. अमेरिकेने ती दोरांनी खाली सोडली होती, चीनने पॅराशूट लावून इंजिनाच्या जोरावर टेकवली होती. सचिव धामणकर नाक मुरडून म्हणाले, "आपली पद्धत वेगळी. माझा हुकूम पोचल्याशिवाय गाडी उतरणार नाही."

हुकमाची वाट बघणारी गाडी आपटणार, हे कळत असूनही सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनिअर वैजयंती खरात तेवढ्या बोलल्या, "साहेब, गाडीला खाली यायला सात मिनिटं लागतात आणि हुकूम तिथे पोचायला चौदा."

"मग?"

"मग आपल्या खात्याच्या रीतीनेच करू. काम गाडी स्वतः उरकेल, तुमचा हुकूम कार्योत्तर मंजुरी म्हणून फायलीला लावू. इथे तरी साहेब, तुमच्यावाचून कधी काय अडलंय?"