सात पिढ्यांची सोयरीक

रावसाहेबांच्या जमिनीवर इंदुमतीबाई खरात मक्याचं संकरित बियाणं तयार करत. एकदा रावसाहेब पाहणीला आले. एका वाफ्यात मका डोक्यावर गेलेला, शेजारच्या दोन वाफ्यांत कमरेलाही पोचेना.

“हे दोन्ही उपटा! असलं किरटं पीक माझ्या जमिनीत नको.”

“हे त्या उंच मक्याचे आईबाप आहेत, रावसाहेब. एकाच्या बीजातलं उणं दुसऱ्याच्या बीजानं झाकलं, म्हणून पोर दांडगं निघालं.”

“मग आईबापच असे खुरटे कसे? आमचं घराणं बघा. सात पिढ्या नात्याबाहेर सोयरीक नाही!”

बाईंनी एका खुरट्या वाफ्यातलं बोटभर कणीस त्यांच्या हातावर ठेवलं.

“याचीही नाही, रावसाहेब. सात पिढ्या मी याला याचेच पराग देतेय.”

वाफे राहिले. आठवड्याभरात रावसाहेबांनी धाकट्या लेकीसाठी परमुलखातलं स्थळ बघायला माणूस धाडला.